कपाळावरचं मीठ

आमच्याकडे भाजी शिजली की आई आधी स्वतःपुरती वाटीत काढून घेते आणि मग कढईत मीठ टाकते. वाटीतली भाजी तिची, कढईतली बाबांची नि माझी. माझ्या ताटात डाव्या बाजूला मिठाची आणखी एक चिमूट असते, ती मी भाकरीला लावून खायचीच असते. पाहुण्यांना हा प्रकार कळत नाही. कुणाला वाटतं आईला बीपीचा त्रास आहे, कुणाला वाटतं माझ्या तोंडाला चव नाही. दोन्ही खोटं आहे. आईनं मीठ सोडलंय आणि ते माझ्यापायी सोडलंय. या एका गोष्टीचा मला जितका राग आलाय तितका माझ्या दुखण्याचाही कधी आला नाही.

तिची अळणी गवार मी एकदा खाऊन बघितली होती. गवत चावल्यासारखी लागली. मिठाशिवायचा ठेचा तर त्याहून वाईट, नुसती जीभ भाजून निघते. आई ते सगळं रोज खाते, आणि वर आम्हाला विचारते, बरं झालंय का.

मी जन्मापासून खारट आहे. माझा घाम वाळला की पांढऱ्या रेघा उरतात. शाळेचा निळा गणवेश उन्हाळ्यात पाठीवर असा दिसायचा की कुणीतरी खडूनं गिरगटून ठेवलंय. मी तान्ही असताना आईनं मुका घेतला आणि तिला वाटलं, आपल्याच ओठाला मीठ लागलंय. तोंड धुऊन परत घेतला, तरी तेच. मग तिला त्याचं कौतुकच वाटायला लागलं. शाळेला निघताना ती मला दारात धरायची, कपाळावर ओठ टेकायची, जीभ ओठावरून फिरवायची आणि म्हणायची, "खारट गं माझी बाई, शेंगदाण्यावानी." आठवडी बाजारात खारे शेंगदाणे मिळतात, त्यांच्यासारखी. मैत्रिणींसमोर मला लाज वाटायची, पण ती केल्याशिवाय सोडायची नाही.

खोकलाही लहानपणापासूनच होता. छातीत कफ असा चिकटून बसायचा की खरवडून काढावा लागेल असं वाटायचं. टीबी समजून टीबीची औषधं झाली, काही फरक पडला नाही म्हणून पुन्हा झाली. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. बारावीच्या उन्हाळ्यात चुलतीनं शोध लावला की पोरीच्या अंगावर मीठ फुटतंय म्हणजे अंगात मीठ जास्त झालंय, ते कमी करा. आता हसू येतं, पण तेव्हा घरात सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं. जे बाहेर येतंय ते आत जास्त असणारच, यात चूक काय दिसणार? आईनं माझ्या ताटातलं मीठ तोडलं. आमच्या वडवणीत ऊन असं पडलं होतं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि मी अळणी वरण-भात खाऊन क्लासला जात होते. एक दिवस बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळले.

आधी बीडला नेलं, तिथून मोठ्या शहरात. तिथं एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फाईल बाजूला सारली आणि आईला भलताच प्रश्न विचारला, हिचा मुका घेतला की खारट लागतो का? आई दचकली. ही घरातली गोष्ट या बाईला कुणी सांगितली, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग माझा घाम तपासला, रक्त कुठंतरी लांब पाठवलं, आणि शेवटी नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. बाईंनी आईला नीट समजावून सांगितलं की हिच्या घामातून मीठ वाहून जातं, हिला इतरांपेक्षा जास्त मीठ लागतं, उन्हाळ्यात तर आणखी जास्त. आईनं मान हलवली. आपण नेमकं काय केलं हे तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं होतं.

पुढच्या चतुर्थीला ती लिंबागणेशला गेली आणि गणपतीपुढं बोलून आली. पोरगी बरी होईस्तोर मीठ तोंडात घालणार नाही. देवा, पोरीच्या तोंडचं मीठ मी काढलं, आता माझ्या वाटचं तिला जाऊ दे. हे तिनं मला ज्वारी पाखडताना सांगितलं, आज दळण टाकायचंय असं सांगावं तितक्या सहज.

आणि तेव्हापासून तिनं माझा मुका घेणं बंद केलं.

पहिले काही दिवस माझ्या ध्यानात आलं नाही. नंतर आलं आणि मग दुसरं काही ध्यानात राहीना. आधी ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि तीच बोटं स्वतःच्या ओठाला लावायची. आता हात फिरवून फक्त कानशिलावर बोटं मोडायची. माझ्या थुंकीचं भांडं ती हातानं धुते, नाक मुरडत नाही. सकाळी मला पालथं घालून पाठीवर थापट्या मारते, कफ सुटेपर्यंत, तिचे तळवे लाल होईपर्यंत. पण ओठ नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हिच्या छातीत जंतू घर करून बसतात. मी मनाशी ठरवून टाकलं की तिनं तेवढंच ऐकलं. शेजारची एक बाई मला पाणी वेगळ्या फुलपात्रात द्यायची, तिचं मला काही वाटलं नव्हतं. आईचं वाटलं. फार वाटलं. पण विशीतल्या पोरीनं आईला असं विचारायचं तरी कसं, की माझी किळस वाटते का म्हणून?

पुढं मी घरून बीडला ये-जा करून प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, अर्धे दिवस कॉलेजात आणि अर्धे दवाखान्यात. एमएस्सीला विद्यापीठात नंबर लागला होता. होस्टेल, मेसचं जेवण, सकाळच्या थापट्या कोण मारणार, उन्हाळ्यात काय, असे प्रश्न एकेक करत आले आणि मी घरीच राहिले. आमची पुढची खोली रस्त्याला लागून आहे. बाजारच्या दिवशी धूळ येते म्हणून खिडकी बंद. मागं चूल पेटली की धूर येतो म्हणून मधलं दार बंद. लग्नात गर्दी, जत्रेत गर्दी, हळदीच्या मांडवात धूर. चैत्र लागला की ऊन चढायच्या आत मी घरात असायचं आणि ऊन उतरल्यावरच बाहेर पाय टाकायचा. लग्नाचा विषय घरात निघत नाही. तो का निघत नाही हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. कधी कधी त्या खोलीच्या चार भिंतींना डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. आपटत नाही, कारण आई धावत येईल.

त्याच खोलीत मी अकरावी-बारावीच्या पोरींना जीवशास्त्र शिकवते. पेशीचा धडा दर वर्षी येतो. पोरी गॉल्जी बॉडीची आकृती काढतात, जिलेब्या टाकल्यासारखी, आणि विचारतात की मॅडम, हे परीक्षेला येतं का. मी म्हणते, येतं. मला आलंय, असं म्हणत नाही.

कारण माझं दुखणं त्या आकृतीतच आहे. पेशीभोवती जे पातळ पटल असतं, त्यात बारीक बारीक चॅनेल बसवलेले असतात. मिठातला क्लोराइड त्यातून आत-बाहेर करतो. हे चॅनेल पटलावर बनत नाहीत, पेशीच्या पोटात बनतात. एक लांबलचक माळ तयार होते, तिच्या घड्या पडतात, घड्या नीट पडल्या की माल पुढं गॉल्जीत जातो, तिथं त्यावर शेवटचा हात फिरतो, मग एका इवल्याशा पिशवीत घालून तो पटलापाशी पोचवला जातो. तोही कुठल्याही बाजूला नाही. फुप्फुसातल्या पेशीत हवेच्या बाजूला, घामाच्या नळीतल्या पेशीत घामाच्या बाजूला. चुकीच्या बाजूला गेला तर असून नसल्यासारखा. माझ्या माळेत एक मणी कमी आहे. म्हणून घडी जराशी वाकडी पडते. पेशीच्या पोटात तपासणी असते, ती हा वाकडेपणा पकडते, माल तिथंच अडवते आणि तोडून टाकते. पटलावर जागा रिकामीच राहते, घामातलं मीठ परत आत येत नाही, फुप्फुसातला कफ घट्ट होऊन बसतो.

इथपर्यंत मी मोबाईलवर निमूट वाचलं होतं. पण पुढं असं होतं की तो वाकडा चॅनेल कसाबसा पटलापर्यंत पोचला तर तो बऱ्यापैकी काम करतो. हे वाचलं त्या दिवशी मी मोबाईल गादीवर फेकून दिला. माझ्या पेशी आळशी नाहीत. त्या रोज चॅनेल बनवतात आणि रोज दारात अडवून मोडतात. म्हणजे माझ्यात नसलेलं काही नाहीच, जे आहे त्याला बाहेर पडू देत नाहीत. मला तेव्हा कुणाचा तरी गळा धरायचा होता, पण पेशीला गळा नसतो.

मग आईला सांगितलं. तिला पेशी कळायची नाही, पण कापूस खरेदी केंद्राचं गेट चांगलं कळतं. एका साली आमचा कापूस ओलसर आहे म्हणून गेटवरून परत पाठवला होता, तेव्हा बाबांबरोबर ती दिवसभर उन्हात टेम्पोजवळ उभी होती. मी म्हटलं, तसंच समज, फक्त इथं माल घरी परत नेता येत नाही, गेटातच त्याची चिंधी करतात. तिनं हातातलं निवडणं थांबवलं.

"आन् तो आत गेला आस्ता तर काम केलं आस्तं?"

"केलं आस्तं. थोडंफार."

"मंग कावून आडवायलेत? जरासं वाकडं हाय तर जाऊ द्यावं की."

मी हेच म्हणत होते. त्या दिवशी आम्ही दोघी मिळून माझ्या पेशींना पोटभर शिव्या घातल्या. तिच्या शिव्या माझ्यापेक्षा सरस होत्या.

हा अडवलेला माल सोडवणारं औषध आहे. ते त्या वाकड्या घडीला आधार देतं, आणि माल गेटातून निघतो. पण ते आहे दुसऱ्या देशांत. डॉक्टरबाई दर खेपेला म्हणतात, वाट बघू. म्हणजे 'बरी होईस्तोर' या शब्दाला सध्या तरी दुसरं टोक नाही. मी जगते आहे, कदाचित बरीच वर्षं जगेन, पण बरी होणार नाही. हे आईला मी सरळ सांगितलं. तुझा नेम कधीच सुटणार नाही, तू फसली आहेस, असंही सांगितलं. ती म्हणाली, बघू. बाबांना मध्ये घातलं तर ते म्हणाले की देवापुढं बोललेलं मागं घेता येत नाही, आणि जनावरांना पाणी दाखवायला निघून गेले.

एकदा मी हट्टाला पेटले. तू खाणार नाहीस तर मीपण खाणार नाही, म्हणून ताटातली चिमूट झटकून टाकली. वैशाख होता. आई तळहातावर मीठ घेऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. तिनं पाणी प्यायलं नाही, रानात गेली नाही, शेळी ओरडत होती तिकडं बघितलं नाही. हाताला घाम सुटून ते मीठ ओलं झालं, तरी हात पुढं तसाच. माझ्या पायात गोळे यायला लागले होते. शेवटी मी ते तिच्या तळहातावरून चाटून घेतलं आणि रागानं रडले. ती उठली, दोन-तीनदा चोळून चोळून हात धुतला आणि शेळीकडं गेली. तिनं इतका हात का धुतला, हेही मी माझ्या हिशोबानं लावलं. माझी जीभ लागली होती ना.

मागच्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. आई कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला रानात गेली होती. आदल्या आठवड्यापासून तिचं डोकं दुखत होतं, चालताना झोक जायचा, एकदा तर तिनं मला चुलतीच्या नावानं हाक मारली. मी ओरडत होते की हे मिठाचं आहे, अंगात मीठ राहिलं नाही तुझ्या. ती लोट्यानं पाणी प्यायची आणि घामानं घालवायची. त्या दिवशी बांधाला सावलीत बसायला गेली ती तिथंच आडवी झाली. बाबांनी शेजारच्याच्या जीपमधून दवाखान्यात आणली. मला कळलं तेव्हा उन्हाची ऐन वेळ होती. तोंडाला ओढणी बांधून मी त्या उन्हात चालत निघाले. घरातून मला कुणी अडवलं नाही, कारण अडवणारी तिथं खाटेवर पडली होती.

ती मरेल असं वाटलं. तिच्या ताटातलं मीठ माझ्या ताटात आलं होतं आणि त्यावर मी जगले होते, आणि आता ती माझ्या आधी जाणार, हे मला सहन होत नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट आला, मीठच कमी झालं होतं. डॉक्टरांनी सलाईन चालू केलं. बाटली निम्म्यावर आली तेव्हा तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि आधी विचारलं की तू उन्हात कशी आलीस. मग तिची नजर नळीवरून चढत बाटलीवर गेली.

"ह्यात काय आसतंय?"

साखर म्हणता आलं असतं. बाबांनी मला डोळ्यानं खुणावलंही. पण मला इतक्या वर्षांचा राग आला होता आणि तो आता पोटात राहणार नव्हता.

"मीठ," मी म्हटलं. "मिठाचं पाणी हाय ते, आई. आर्धी बाटली गेली अंगात. मोडला तुझा नेम."

"नसंतून गेलेलं बी धरतेत?"

"रक्तात गेलं की. आता तोंडातून गेलं काय न् नसंतून गेलं काय."

"म्हंजी मोडला."

"मोडला."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर सुई उपटायला जाईल. मी तिचा हात धरायला पुढं सरकले. तिनंच मोकळा हात वर करून माझ्या मानेमागं घातला आणि मला खाली ओढलं. तिचे ओठ फुटले होते. ते तिनं माझ्या कपाळावर टेकले, उन्हातून चालत आल्यानं कपाळ घामानं भिजलं होतं त्याच्यावर, आणि तसेच ठेवले. मग दोन्ही डोळ्यांवर, मग गालावर. नंतर तिनं ओठावरून जीभ फिरवली, मी शाळेत असताना फिरवायची तशीच.

"तशीच हाय," ती बाबांना म्हणाली. "शेंगदाण्यावानी."

मी खाटेच्या कडेला बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं शेवटी विचारलं, "आजपस्तोर मुका कावून न्हाई घेतलास?"

मी काहीतरी खुळ्यासारखं बोलावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"मीठ सोडलंतं ना बाई."

धुतलेला हात, ओठाशी न गेलेली बोटं, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. तिनं मीठ सोडलं तेव्हा भाजीतलं सोडलं, ताकातलं सोडलं, ठेच्यातलं सोडलं, आणि माझंही सोडलं. पेशीच्या गेटावरच्या कुणी इतकी कडक तपासणी केली नसेल. मी तिथं तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले, आणि रडताना मला तिचा तितकाच राग येत होता.

ती माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि बाटलीकडं बघत होती.

"उंद्यापून परत धरते," ती म्हणाली. "पर ही बाटली सरस्तोर मोडलेलाच हाय."

मी तिच्याशी भांडले नाही. उठून सिस्टरकडं गेले आणि विचारलं की थेंब जरा हळू केले तर चालतील का. सिस्टरनं येऊन बीपी बघितलं, आता तशी घाई नाही म्हणाली आणि नळीवरचं चाक थोडं फिरवलं. मी स्टूल खाटेला लावलं आणि कपाळ परत आईच्या तोंडाशी नेलं.